पाण्याची चढण

परभणी तालुक्यातल्या आमच्या पेडगावात पाण्याची वेळ घड्याळावर कधी ठरली नाही. ती लाइटवर ठरली. ‘लाइट आली का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘टाकी भरली का?’ असाच असे. मराठवाड्यातल्या जुन्या पाणीपुरवठ्याची टिपणे काढताना हाच प्रश्न मनात घोळत होता. वीज नव्हती, तेव्हा शहराला पाणी कसे मिळे?

उत्तर मिळाले ते खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. १६१० मध्ये हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याकडे पाहिले. हर्सूलच्या खोऱ्यात झिरपणारे पाणी त्याने भूमिगत नहरीत गोळा केले आणि उताराने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. पुढे आणखीही नहरी निघाल्या. वाटेत जागोजागी चुन्यात बांधलेले उंच, पोकळ बंब असत. पाणी त्यांत चढे, नळात कोंडलेली हवा सुटे, दाब आटोक्यात राही. उगमच उंचावर असल्याने ही चढण पाणी आपोआप चढे. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीलाही धान्य दळण्याचे बळ अशाच नहरीने दिले.

विसाव्या शतकात हिशेब उलटला. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि पुढे शहराची तहान पैठणवर विसंबली. पण शहर जलाशयाहून सुमारे १०० मीटर उंच! हजार लिटर पाणी तेवढे चढवायला निव्वळ पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट वेगळीच. परभणीकरांनाही राहटीच्या बंधाऱ्यातले पूर्णेचे पाणी उपसूनच मिळत आले.

पंप थांबला की नुसते पाणी थांबत नाही. नळ रिकामा होतो, आतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून भोवतालची घाण आत ओढली जाते. पाणी पुन्हा सुटते तेव्हा आमच्याकडच्या बाया पहिली घागर ओतून देतात, ती उगाच नव्हे.

नहरीकडे परत जावे, असे मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेतच या शहराने अकरा लाखांचा आकडा ओलांडला होता. तेवढ्यांना ती पुरणार नाही. पण नहरीवर जगणाऱ्या शहराला डोंगराचा पायथा, झरे, विहिरी राखाव्याच लागत. पंप आला आणि ही राखण आपल्या अंगावेगळी झाली. नहरींच्या वाटेवर घरे उठली, खापरी नळ फुटले, बंब ओस पडले. आज लांबचे पाणी अडले की जवळचे काहीच हाताशी नसते.

परवा पेडगावला गेलो. टाकीखाली घागरींची रांग लागली होती. एका म्हातारीने विचारले, “लाइट आली का रं?” टाकीपलीकडची जुनी विहीर मात्र कचऱ्याने बुजत आली होती.