बेटांवरची नभोवाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत येते, नाही तर वॉटर्लू. मला मात्र पहिल्यापासून नकाशाच्या कडेला पडलेल्या लहान ठिकाणांचे वेड आहे. असेच एक ठिकाण आज, फराळाचे ताट बाजूला सारून, वाचकांना दाखवावे म्हणतो.

उत्तर अमेरिकेचा नकाशा पुढे घ्या. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, मोहरीचे दाणे सांडावेत तशी काही बेटे दिसतील. ती म्हणजे सँ-पिएर आणि मिकलाँ. क्षेत्रफळ अवघे २४२ चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आत. आणि गंमत अशी, की ही बेटे कॅनडाची नाहीत. चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या फ्रान्सची आहेत! १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला. मासेमारीसाठी एवढी बेटे तेवढी त्याच्या पदरात राहिली. पुढे इंग्रजांनी ती अनेकदा हिसकावली. पण नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत आली ती कायमचीच. ब्रिटनी, नॉर्मंडी आणि बास्क मुलखांतले दर्यावर्दी तिथे वसले. धुके, बर्फ आणि कॉड मासा, हाच त्यांचा संसार.

अशा माणसांना मायदेशाची खबर किती मोलाची वाटत असेल! १८६९ साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरापासून या बेटांपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली. पुढच्याच वर्षी याच जहाजाने आपल्या मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली. तेव्हा या परक्या बेटांशी आपले अगदीच काही नाते नाही, असे म्हणता यायचे नाही.

तारेमागून बिनतारी यंत्र आले, नभोवाणी आली, आणि या यंत्रानेच बेटांवर एक मोठे नाट्य घडवून आणले.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स हिटलरपुढे कोसळला. मार्शल पेताँ यांनी व्हिशी येथे जर्मनांशी जुळवून घेणारे सरकार स्थापिले. जनरल द गॉल यांनी लंडनमध्ये स्वतंत्र फ्रान्सचा झेंडा उभारला. बेटांवरचा प्रशासक व्हिशीच्या बाजूचा होता. माजी सैनिक आणि पुष्कळसे कोळी मनाने द गॉल यांचे. पण करणार काय? ध्वनिक्षेपकाची किल्ली प्रशासकाच्या हाती होती.

याच ध्वनिक्षेपकाने कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका यांची झोप उडाली. हॅलिफॅक्स बंदरातून युद्धसामग्रीने भरलेले जहाजांचे तांडे युरोपकडे निघत. त्यांची वाट बेटांवरून कुणी जर्मन पाणबुड्यांना कळविली तर? यंत्रावर आपली माणसे बसवावीत, असा बेत कॅनडात शिजू लागला. परकी माणसे फ्रेंच भूमीवर येणार, ही कुणकुण लागताच द गॉल यांनी ॲडमिरल म्युझलिए यांना हुकूम सोडला : कुणालाही न विचारता बेटे ताब्यात घ्या!

२४ डिसेंबर १९४१. नाताळची पूर्वसंध्या. 'मिमोझा', 'अकोनी' आणि 'अलीस' या तीन लहान युद्धनौका आणि 'सुर्कूफ' ही प्रचंड पाणबुडी सँ-पिएरच्या बंदरात शिरली. एकही गोळी झडली नाही. दुसऱ्याच दिवशी, ऐन नाताळात, लोकमत घेण्यात आले. वैध मतांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मते स्वतंत्र फ्रान्सला पडली. इतिहासकाराने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, स्वतंत्र फ्रान्स किंवा हिटलरच्या गोटाशी सहकार्य. शंभराहून अधिक मते कोरी वा बाद निघाली. आणि स्त्रियांना मत नव्हते, कारण फ्रान्समध्ये तो हक्क त्यांना १९४४ साली मिळाला. तरीही बेटांचा कौल कुणीकडे होता, याविषयी मला शंका वाटत नाही.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल मात्र खवळले. व्हिशीशी त्यांनी मोठ्या कष्टाने जमविलेले सूत या चिमुकल्या बेटांपायी तुटू पाहत होते. त्यांनी पत्रक काढून या नौकांना 'तथाकथित' स्वतंत्र फ्रेंच असे संबोधिले. अमेरिकन जनतेने चिडून त्यांना पत्रे धाडली; कित्येकांवर पत्ता होता, 'तथाकथित परराष्ट्रमंत्री'! प्रकरण अखेर तसेच विरले आणि बेटे स्वतंत्र फ्रान्सकडेच राहिली.

या आनंदाची किंमत बेटांनी मोजली. तिथली तरणी पोरे त्याच युद्धनौकांवर दाखल झाली. १९४२ मध्ये 'अलीस' आणि 'मिमोझा' दोन्ही पाणबुड्यांच्या तडाख्याने बुडाल्या, आणि बेटांवरचे कित्येक मुलगे घरी परतले नाहीत. दोन-तीन रस्त्यांच्या गावात अशी बातमी घरोघर एकाच वेळी पोचते. तिथे परका असा कुणी नसतोच.

युद्धानंतर बेटांची नभोवाणी फ्रान्सच्या सार्वजनिक प्रक्षेपणाचा भाग म्हणून नांदू लागली. १९६७ मध्ये दूरचित्रवाणीही आली. पॅरिसमधल्या संस्थांची नावे बदलत गेली. २०१० पासून केंद्राच्या नावामागे 'ला प्रमिएर', म्हणजे 'पहिली', हे बिरुद लागले आहे. १९९२ मध्ये कॅनडाने कॉडची मासेमारी थांबविली, तेव्हा बेटांच्या शतकानुशतकांच्या धंद्याचा कणाच मोडला. तरी केंद्र टिकले.

सहा हजार माणसांसाठी स्वतंत्र नभोवाणी म्हणजे सरकारी पैशाची उधळण, असे कुणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील. त्यांना माझे एवढेच सांगणे, की १९४१ साली हे यंत्र एवढे क्षुल्लक असते तर तीन राष्ट्रांचे मुत्सद्दी त्यापायी घायकुतीला आले नसते. त्यांनी यंत्रात शस्त्र पाहिले. बेटकऱ्यांना त्यात आपल्या गावचे हवामान, आपल्या माणसांच्या बातम्या आणि आजीच्या तोंडची फ्रेंच ऐकू येते. चहूकडे इंग्रजीचा समुद्र असता ही काही लहान गोष्ट नव्हे.

न्यूफाउंडलंडच्या घड्याळांपेक्षा बेटांची घड्याळे अर्धा तास पुढे चालतात. शेजारी साडेसहा वाजलेले असतात, तेव्हा सँ-पिएरमध्ये सात झालेले असतात. आणि किती वाजले, हे तिथे फ्रेंचमध्येच सांगितले जाते.