प्रेरक संवाद : उपदेश न करता व्यसनाविषयी बोलण्याची रीत

बहारीनची राजधानी मनामा येथील गुदैबिया हा भाग भारतीय उपाहारगृहे, किराणा दुकाने आणि एकेका सदनिकेत अनेकांनी मिळून राहणे यांसाठी परिचित आहे. कुवेतप्रमाणे बहारीनमध्ये मद्यावर सरसकट बंदी नाही; परवानाधारक हॉटेलांत व दुकानांत ते मिळते. कुटुंब मायदेशी, दिवसभर काम आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीचे एकटेपण, अशा स्थितीत एखाद्याचे पिणे वाढू लागले की ते डॉक्टरांच्या आधी खोलीतील सोबत्यांच्या लक्षात येते. त्यांचा क्रमही ठरलेला असतो : आधी उपदेश, मग धाक, शेवटी मुलाबाळांची शपथ. शपथ बहुधा मोडते. मोडल्याची लाज वाटते आणि ती लाज बुडवायला पुन्हा पेला हाती येतो.

‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ अर्थात प्रेरक संवाद ही पद्धत या क्रमाच्या नेमकी उलट जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यपींसोबतच्या कामावरील एका लेखात ती प्रथम मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह लिहिलेल्या १९९१ च्या ग्रंथातून तिचा विस्तार झाला. व्यसनी मनुष्य सत्य नाकारतो, म्हणून ते त्याच्या गळी उतरवले पाहिजे, ही तोवरची प्रचलित समजूत होती. मिलर यांच्या मते त्याचे मन दुभंगलेले असते : सोडावेसे वाटते आणि सोडवत नाही. समोरच्याने सोडण्याची बाजू घेतली की पिण्याची बाजू मांडणे त्याच्याच वाट्याला येते, आणि जे आपण स्वतः मोठ्याने म्हणतो तेच आपल्याला अधिक पटत जाते.

एखाद्या साइटवरील फोरमनला खोलीतला धाकटा सोबती म्हणतो, “दादा, मुलांचा तरी विचार करा.” उत्तर येते, “उन्हातलं काम तुला काय कळणार? आणि मी काही रोज पीत नाही.” संवाद तिथेच संपतो. तोच सोबती वेगळ्या रीतीने विचारू शकतो.

“दोन पेग घेतल्यावर झोप लागते म्हणालात. त्यात न आवडणारंही काही आहे का?”

“सकाळी अंग जड असतं. मागच्या महिन्यात घरी पैसे कमी गेले.”

“ते मनाला लागलंय.”

“लागणारच. पोरीची फी राहिली.”

फीचा उल्लेख सोबत्याने केलेला नाही. ‘बदलाची भाषा’ म्हणतात ती हीच. ती ऐकू येताच तिथे थांबून तिचा धागा पुढे नेणे हे या पद्धतीतील मुख्य कौशल्य होय. खुले प्रश्न, समोरच्याच्या प्रयत्नाची दखल, त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत मांडणे आणि अधूनमधून सारांश ही त्याची साधने. माहिती द्यायची झाल्यास आधी परवानगी घ्यावी : “चालत असेल तर एक सांगू?” आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो. पिणे कमी करणे शून्य ते दहा या मापावर किती महत्त्वाचे वाटते? “चार,” असे उत्तर आल्यास “दहा का नाही?” असे विचारू नये, “शून्य का नाही?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने सबबी हाती येतात, दुसऱ्याने कारणे.

हे काम तज्ज्ञांनीच करावे का, या प्रश्नाचे उत्तर गोव्याने दिले आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्रेरक संवादावर आधारित जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, मागील १४ दिवसांत मद्य न घेतलेल्यांचे प्रमाण या गटात ४२ टक्के, तर केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत १८ टक्के होते. जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही, हेही त्याच अहवालात आहे. या समुपदेशकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण होई व ते एकमेकांचे काम ऐकून तपासत. नेमकी हीच शिस्त हौशी मदतनीस बहुधा टाळतात.

गुदैबियातील खोलीत अडचण असते ती एकांताची. चौघांसमोर हा विषय काढू नये, आणि माणूस प्यायलेला असताना तर नाहीच. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याची नोकरी वा व्हिसा अवलंबून आहे अशा वरिष्ठाने हे काम स्वतः अंगावर न घेणे बरे : भीतीपोटी दिलेला होकार आणि मनातून आलेला निश्चय बाहेरून सारखेच दिसतात. अशा वरिष्ठाने गोपनीयतेची हमी आणि उपचारासाठी रजा मिळवून दिली तरी ती मोठी मदत ठरते.

गोव्यातील चाचणी तीव्र अवलंबित्व असलेल्यांसाठी नव्हती, हे विसरून चालणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यास हातांना कंप, घाम, अपस्माराचे झटके आणि भ्रम उद्भवू शकतात. प्रसंगी जिवावर बेतते. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागतो, असे कोणी सांगितले तर मापाचा प्रश्न बाजूला ठेवून त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि आज रात्रीपासून बंद कर असे त्याला सांगू नये.