बंदर आधी, तट नंतर

सागरी किल्ला पाहायला गेलेला माणूस बहुधा तटाकडे वळतो, बुरूज न्याहाळतो, तोफेपाशी फोटो काढतो आणि परततो. किनाऱ्याच्या पुरातत्त्वात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझी पहिली विनंती अशी की, तटाआधी पाणी पाहावे. खाडी कुठून आत शिरते, भरती कुठवर चढते, नैऋत्येच्या वाऱ्याला आडोसा कुठे आहे, गोडे पाणी कुठे लागते, माल घाटावर नेणारी वाट कोणती, हे प्रश्न आधी विचारावेत. तट बांधला गेला तो बंदरासाठी, आणि बंदर कित्येकदा तटाहून दीड हजार वर्षांनी जुने असते.

हे शिकायला रायगड जिल्ह्यातल्या चौल-रेवदंड्यासारखी जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंडलिका समुद्राला मिळते तिथे एका काठाला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आहे, समोर कोर्लईची डोंगरसोंड आणि तिच्यावरचा किल्ला. रेवदंड्याला लागूनच, नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली, जुने चौल झाकलेले आहे. पाहुणे कोटात थांबतात, सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले पाहतात. कोट सोळाव्या शतकातला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाचा प्रदीर्घ वेढा त्याने सोसला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. हा सगळा इतिहास मोलाचाच, पण या जागेच्या हकिगतीत तो शेवटाकडचा आहे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याणनंतर याच बंदराचे नाव येते. टॉलेमीला ते ठाऊक होते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत चेमुलचे, म्हणजे चौलचे, रहिवासी भेटतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि बंदरात मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. एका घोड्यासाठी माणूस समुद्र ओलांडतो, यावरून दख्खनच्या दरबारांना घोड्यांची केवढी गरज होती ते कळते. ती गरज किनाऱ्यावरची बंदरे भागवत.

लिखित पुराव्याइतकाच बोलका पुरावा पायाखाली असतो: खापरे. भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल अँफोरा नावाच्या दोन कानांच्या उंच कुंभांतून येई. इराणी आखाताकडून येणारे कुंभ वेगळे. त्यांना ना कान ना मान, तळ निमुळता आणि आतून काळा डांबरी लेप. जहाजाच्या पोटात दोन्ही सारखेच उपयोगाचे. पण फुटून तळहाताएवढा तुकडा उरला की ओळख अवघड होते. भारतातल्या अनेक स्थळांवरचे असे तुकडे बराच काळ रोमन म्हणून नोंदले गेले. खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी ते पुन्हा तपासले आणि त्यांतले पुष्कळसे मेसोपोटेमियाकडचे, आखाती कुंभांचे निघाले. आपल्या व्यापाराच्या चित्रात रोमला दिलेली काही जागा त्यामुळे आखाताकडे गेली. खापराच्या आतल्या लेपाने इतिहासाचा नकाशा बदलावा, हे मला या शास्त्रातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

चौलचा अभ्यास नवा नाही. गोमंतकीय डॉक्टर आणि नाणेतज्ज्ञ गेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवरचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी इथे उत्खनन करून सातवाहनकाळातले बंदर जमिनीतून दाखवून दिले. तरीही चौलचा फार मोठा भाग अजून वाड्यांखालीच आहे, आणि कोकणातल्या इतर बंदरांची स्थिती याहून बरी नाही. समोरच्या कोर्लईत तर पुरावा माणसांच्या तोंडीही आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते. भाषाभ्यासकांइतकेच पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनीही तिथे जाऊन बसायला हवे.

या क्षेत्रात येण्यासाठी पदवी लागत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, वही, मोजपट्टी आणि गावातल्या कोळ्यांशी, बागाईतदारांशी बोलण्याची सवय एवढ्यावर सुरुवात होते. खाडी कुठे गाळाने भरली, विहीर खणताना जुन्या विटा कुठे लागल्या, हे त्यांना कोणत्याही नकाशाहून जास्त ठाऊक असते.

एक मात्र कळकळीने सांगतो. खापर, वीट, नाणे, काहीही उचलून घरी आणू नका. जागा सोडली की त्या तुकड्याची साक्ष निम्म्याहून अधिक संपते. मालकाला विचारून वाडीत शिरा, तुकडा आहे तिथेच मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो घ्या, ठिकाण नेमके टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळवा.