उंदराचे डोळे आणि फ्रीजरमधली कुपी

सेल कल्चर करणाऱ्या बऱ्याच लॅबच्या फ्रीजरमध्ये ‘रीकॉम्बिनंट ह्यूमन ईजीएफ’ असं लेबल लावलेली एक छोटी कुपी असते. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेत तेवढे नॅनोग्रॅम आपण मीडियात टाकतो आणि विसरून जातो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही तेच करायचो. पण हे प्रथिन सापडलं ते दुसरंच काहीतरी शोधताना, आणि ती गोष्ट संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

सुरुवात होते चेतातंतूंपासून. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रीटा लेवी-माँताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन हे दोघं चेतापेशींची वाढ घडवणारा घटक शोधत होते. तो उंदराच्या एका गाठीत होता, पण नेमका काय होता? प्रथिन की न्यूक्लिक आम्ल? हे ठरवायला कोहेन यांनी अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषातलं एक एन्झाइम न्यूक्लिक आम्लं तोडतं. झालं भलतंच! तंतू कमी व्हायच्या ऐवजी भरभरून वाढले. मग कंट्रोल पाहिला, म्हणजे नुसतं विष. त्यातही तंतू वाढलेले. हा घटक खुद्द विषातच होता, आणि गाठीपेक्षा कितीतरी जास्त!

विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच. म्हणून त्यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. तिथेही घटक भरपूर निघाला. हाच एनजीएफ.

खरी गंमत पुढे आहे. लाळग्रंथींचा कच्चा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे सातव्या दिवशीच उघडले. एरवी त्याला १२ ते १४ दिवस लागतात. दातही लवकर आले. शुद्ध एनजीएफ दिल्यावर मात्र असं काही होत नव्हतं. म्हणजे अर्कात आणखी कोणीतरी होतं. ‘अशुद्धी असेल’ म्हणून सोडून देता आलं असतं. कोहेन यांनी ते सोडलं नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेल्यावर त्यांनी त्या अशुद्धीचाच पाठलाग केला आणि १९६२ मध्ये ते प्रथिन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्वचेच्या पेशींची वाढ घडवतं म्हणून पुढे नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, अर्थात ईजीएफ.

माणसातलं ईजीएफ वेगळ्याच वाटेने आलं. जठरातलं आम्ल कमी करणारा घटक मानवी मूत्रात शोधणारे हॅरी ग्रेगरी यांनी १९७५ मध्ये त्याची रचना मांडली. उंदराच्या ईजीएफप्रमाणेच ५३ अमिनो आम्लं, आणि त्यातली ३७ जुळणारी! दोन वेगळे प्रश्न एकाच रेणूपाशी येऊन थांबले होते. १९८०च्या दशकात त्याचं जनुक जिवाणूंत घालून प्रथिन बनवता येऊ लागलं. मग ना लाळग्रंथी लागल्या, ना मूत्राच्या बादल्या. आपल्या कुपीतलं ईजीएफ ते हेच.

लेवी-माँताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. पण मला लक्षात राहतात ती दोन साधी कामं: नुसत्या विषाचा कंट्रोल लावणं आणि पिल्लांच्या पिंजऱ्यात रोज डोकावणं. शुद्ध कुपी हातात आयती मिळते, तेव्हा असं डोकावायची सवय सुटते. म्हणून कंट्रोल लावायचा कंटाळा करू नका. आणि अपेक्षेबाहेरचं काही दिसलं, तर ते खोडायच्या आधी वहीत तारखेसकट लिहून ठेवा.