नाव पायाखाली की कडेला? कॉलेजच्या आवारात देणगीतून स्मृतिपथ बांधताना काय बघावं

जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला की एक प्रश्न हमखास निघतो: कॉलेजसाठी काहीतरी करू, पण काय? खोली बांधायची तर लाखो रुपये लागतात. घड्याळ, पंखा, कपाट दिलं तर चार वर्षांत कोणी दिलं तेही विसरलं जातं. अशा वेळी स्मृतिपथाची कल्पना पुढे येते. गेटपासून इमारतीपर्यंत पायवाट बांधायची, तिच्या दगडांसाठी देणगी घ्यायची आणि दगडावर देणगीदाराच्या आईवडिलांचं, गुरुजींचं किंवा बॅचचं नाव कोरायचं.

कल्पना सोपी आहे. फसते ती बहुतेक तीन ठिकाणी: नाव कुठं टाकायचं, ते कसं लिहायचं, आणि उद्घाटन झाल्यावर रस्ता कोण सांभाळणार. पांढुर्णा-सौंसर भागातल्या कॉलेजांना आणि गावोगावच्या माजी विद्यार्थी मंडळांना उपयोगी पडेल अशी ही माहिती.

ही पद्धत कुठली?

अमेरिकेत पोर्टलंड शहरातला पायोनियर कोर्टहाऊस स्क्वेअर १९८४ मध्ये खुला झाला. पैसा कमी पडत होता, म्हणून नागरिकांनी नाव कोरलेल्या विटा विकून तो उभा केला. तिथं अशा पन्नास हजारांहून जास्त विटा आहेत. पुढे तिकडच्या विद्यापीठांनी हीच रीत उचलली. आर्कान्सा विद्यापीठातला ‘सीनिअर वॉक’ मात्र वेगळा. १९०५ पासून तिथं पायवाटेवर पदवीधरांची नावं कोरली जातात, तीही १८७६ च्या पहिल्या बॅचपासूनची. तिथं नावासाठी देणगी नाही, पदवी लागते.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. घाटाच्या पायरीवर, देवळाच्या फरशीवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचत आलो. शिक्षणासाठी देणगी देण्याची रीतही जुनी. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठासाठी मोठी रक्कम ठेवली, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःच्या कमाईतून १९४६ मध्ये सागर विद्यापीठ उभं केलं. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, म्हणून त्या विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. ही मोठ्या धनिकांची उदाहरणं झाली. पैसा फंडानं माणशी एकेक पैसा गोळा करून तळेगावला काच कारखाना काढला, तेही याच मातीत झालं. स्मृतिपथ हा पैसा फंडाच्या जातीचा आहे.

आपल्या भागात याचा अर्थ काय?

१९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. छिंदवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २०१९ मध्ये, आज त्याला राजा शंकर शाह यांचं नाव आहे. पांढुर्णा जिल्हा २०२३ चा. त्यामुळं आजोबा नागपूरला शिकलेले, वडिलांची पदवी सागरची आणि नात छिंदवाड्याच्या विद्यापीठात, असं घर इकडं सापडणं अवघड नाही. विद्यापीठं बदलली, जिल्हा बदलला, पण लेकरं शिकली ती याच गावांतून. ही आठवण एका ठिकाणी ठेवणारी जागा कुठंच नाही. स्मृतिपथ ते काम करू शकतो.

नाव पायाखाली नको

परदेशातल्या नकाशाची नक्कल केली तर पहिली अडचण इथंच येते. कागदाला पाय लागला तर आपण हात लावून डोक्याला लावतो. अशा घरातला म्हातारा विचारणारच, ‘माया बापाचं नाव पायाखाली कायले टाकता?’

दुसरी बाजूही आपल्याकडेच आहे. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात पायरीची जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. पण वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही, डोकं टेकवतो. ज्यानं पायाखालची जागा मागितली त्यालाही लोकांनी पायाखाली घेतलं नाही, हे ध्यानात ठेवावं.

म्हणून मधली वाट साधी ठेवावी आणि नावं कडेच्या उभ्या दगडावर कोरावीत. त्यात हिशेबाचाही फायदा आहे. समजा पायवाट १०० मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. २०० × १०० मिमीचे ब्लॉक घेतले तर चौरस मीटरला ५० प्रमाणे १०,००० ब्लॉक लागतील. एवढी नावं कुठून आणणार? कडेला अर्ध्या मीटरचा एक दगड धरला तर दोन्ही बाजूंनी ४०० दगड होतात. चारशे नावं जमवणं एका कॉलेजच्या आवाक्यातलं आहे.

सगळे दगड एकाच मापाचे ठेवा. कोणी जास्त दिलं तर पावतीवर जास्त लिहा, दगड मोठा करू नका. संत्र्याच्या बागेवर मजुरी करून मुलीला शिकवणाऱ्या आईचं नाव आणि ठेकेदाराचं नाव शेजारी-शेजारी, एकाच आकारात दिसलं पाहिजे. ज्यांना एकट्यानं झेपत नाही, त्यांच्या बॅचनं मिळून एक दगड घ्यावा.

‘ळ’ सांभाळा

हा प्रश्न खास सीमेवरचा. कोरणारा कारागीर हिंदी भाषक असला, मजकूर मोबाइलवरून गेला, की ‘काळे’चं ‘काले’ होतं आणि ‘पिंपळे’चं ‘पिंपले’. मतदार यादीत चुकलं तर दुरुस्त होतं, दगडावर चुकलं तर पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. काही मशीनच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरंही तुटतात.

उपाय सोपा आहे. कोरण्याआधी प्रत्येक नावाची छापील प्रत घरच्यांना दाखवा आणि तिच्यावर सही घ्या. मराठी घरानं मराठीत, हिंदी घरानं हिंदीत, गोंड घरानं त्यांना हवं तसं लिहावं, सक्ती कोणावर नको. नाव, गाव आणि साल एवढंच असू द्या. पदव्या, पदं आणि दुकानाचं नाव टाळा.

दुकानाचं नाव का टाळायचं?

याला कराचंही कारण आहे. ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केलंय, की धर्मादाय संस्थेनं वैयक्तिक देणगीदाराचं नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यात धंद्याची जाहिरात नसली, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ हे चालतं. फर्मचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला तर ती जाहिरात ठरू शकते.

पैसा कोणत्या खात्यात घ्यायचा हे पहिल्या बैठकीतच ठरवा. मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांत जनभागीदारी समिती असते, तिच्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नका. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचं तर तिकडं हे काम बहुधा संस्था किंवा माजी विद्यार्थी संघ करतो. ८०जी ची सवलत मिळेल असं सांगण्याआधी ज्या खात्यात पैसा जाणार त्याला ती नोंदणी आहे का ते बघा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. परदेशातल्या माजी विद्यार्थ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा असेल, तर तो परदेशी निधी मानला जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए कायदा लागू होतो, आधी सीएचा सल्ला घ्या.

काळ्या मातीवर रस्ता

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ब्लॉक अंथरले तर दोन पावसाळ्यांत वाट लाटेसारखी होते. आधी काळी माती उकरून काढा. मुरूम थराथरानं भरा, पाणी मारून रोलर फिरवा. वर खडीचा थर, त्यावर २५ ते ४० मिमी वाळू आणि मग ब्लॉक. फक्त पायी जायची वाट असेल तर आयएस १५६५८ च्या २००६ च्या मानकात ५० मिमी जाडी आणि एम-३० ची ताकद सांगितली होती. पण मोटरसायकल आज ना उद्या येणारच, म्हणून ६० मिमी आणि एम-३५ घेतलेलं बरं. पाणी वाहून जायला एका बाजूला २ टक्के उतार ठेवा, म्हणजे २ मीटरला ४ सेंटिमीटर. जिथं पायरी आहे तिथं व्हीलचेअरसाठी १ ला १२ चा उतार द्या.

रंग भरलेली अक्षरं उन्हात लवकर उडतात. काळ्या दगडात किंवा ग्रॅनाइटमध्ये खोल कोरलेली टिकतात. वाटेला लागून वड-पिंपळ लावू नका, मुळं दगड उचलतात. पण सावली हवीच, नाहीतर एप्रिल-मे मध्ये त्या वाटेनं कोणी चालणार नाही. थोडं अंतर ठेवून कडुनिंब लावा.

पैसा संपल्यावर

वरच्या उदाहरणात दगडामागे २,००० रुपये घेतले तर ८ लाख जमतील. त्यातले ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, सुरुवातीलाच देखभालीसाठी मुदत ठेवीत टाका. उरलेले ५ लाख ६० हजार म्हणजे चौरस मीटरला २,८००. एवढ्यात काम बसतं का, हे लोकनिर्माण विभागाच्या दरपत्रकावरून इंजिनिअरकडून काढून घ्या. बसत नसेल तर वाट लहान करा, ठेवीला हात लावू नका. खालची माती खचली आणि दगड कलला, तर त्यावर नाव कोणा एकाच्या आईचं असतं. तो सरळ करायला पैसा नसणं ही सगळ्या कॉलेजची लाज होते.

सगळ्या नावांची यादी दगडाच्या क्रमांकासह ग्रंथालयात ठेवा. उद्या इमारत वाढली, वाट हलवावी लागली, तर कोणता दगड कोणाचा हे सांगणारा तोच एक कागद असेल.