वाफसा आणि चिखल : वऱ्हाडच्या जमिनीची एक बाजू

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस मातीवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण आपल्या वैशेषिकांनी पृथ्वीचा विशेष गुण कोणता सांगितला? गंध. तिथूनच सुरुवात करू.

अमरावती-अकोल्याकडच्या तापलेल्या काळ्या रानावर मृगाची पहिली सर पडते तेव्हा येणारा वास आठवा. आणि भंडारा-गोंदियाकडे, झाडीपट्टीत, धानाच्या बांधीत पाय रुतला की चिखलातून वर येणारा वास आठवा. दोन्ही मातीचेच. पहिला वास बराचसा ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. हे जीव बहुतेक हवा खेळणाऱ्या मातीत वाढतात. दुसरा वास गंधकाच्या वायूचा, सडक्या अंड्यासारखा. तो हवा संपते तिथंच निर्माण होतो. म्हणजे नाक ज्या दोन वासांत भेद करतं, त्यांच्यामागे दोन वेगळी रसायनं आहेत आणि दोन वेगळ्या जीवसृष्टी.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याकडे यासाठी एक शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडला, पाणी मुरलं, ढेकूळ हातात फुटतं पण बोटाला चिकटत नाही. आता डवरा चालेल, पेरणी होईल. मातीच्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही एकाच वेळी. पाठ्यपुस्तकाला यासाठी दोन पानं लागतात.

वाफशावर असलेल्या मातीत नेमकं काय चालतं? सेंद्रिय पदार्थ कुजून अमोनिया होतो, आणि त्याचं दोन प्रकारचे जीवाणू पायरी-पायरीनं नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू लागतोच. तुरीच्या मुळांवरच्या गाठीतला रायझोबियम, ज्वारीच्या मुळाला चिकटून दूरवरून स्फुरद आणणारी बुरशी, हे सगळे श्वास घेणारे. लोह मात्र गंजाच्या रूपात असतं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, सामू आठच्या वर, त्यामुळे ते लोह विरघळत नाही. संत्र्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं बागेत दिसतं ना? लोह जमिनीत असतं, झाडाला मिळत नाही.

आता बांधीत या. धानाचा शेतकरी चिखलणी करतो, म्हणजे मातीची घडण मुद्दाम मोडतो आणि वर पाणी उभं करतो. मातीत उरलेला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. पण जीवाणू काही श्वास सोडत नाहीत, ते दुसरं काही शोधतात. आधी नायट्रेट वापरतात, आणि त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो. मग मँगनीज. मग लोह, गंजाचं लोह विरघळतं, तांबूस माती करडी-निळसर होते, आणि लोहाला जखडलेलं स्फुरद सुटतं. मग सल्फेट, तेव्हा तो सडक्या अंड्याचा वास. शेवटी मिथेन. हा क्रम साधारण ठरलेला आहे. माती आधी आम्ल असो की विम्ल, सामू हळूहळू सातच्या आसपास येतो. धानाच्या झाडाच्या आत हवेच्या नळ्या असतात, त्यातून पानांकडची हवा मुळाशी उतरते. म्हणूनच उपटलेल्या धानाच्या मुळावर तांबूस गंज दिसतो. कपाशीला अशा नळ्या नाहीत.

हे कळलं कसं? १८९८ मध्ये लेदर या कृषिरसायनशास्त्रज्ञानं भारतातल्या मातींचे चार मोठे वर्ग मांडले: गंगेची गाळाची, काळी कापसाची, तांबडी आणि जांभ्याची. त्यात मातीची घटकद्रव्यं होती, तिचा श्वास नव्हता. तो प्रश्न आला कोइमतूरहून. तिथं हॅरिसन आणि सुब्रमण्य अय्यर यांनी धानाच्या चिखलातून निघणारे वायू तपासले आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. चिखलात मिथेन आहे, आणि पाण्याखाली मातीवर जी शेवाळाची साय असते ती प्राणवायू देते, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९३९ मध्ये पी. के. डे यांनी सांगितलं, की धानखाचरातली निळी-हिरवी शेवाळं हवेतला नत्रही बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या खत न घालता धान कसं पिकत आलं, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. सगळा विषय एकत्र बांधला तो श्रीलंकेच्या पोन्नम्पेरुमा यांनी, फिलिपाइन्सच्या भातसंशोधन संस्थेत, १९७२ साली.

धानाच्या चिखलाला असे अभ्यासक मिळाले. कोरड्या जमिनीच्या हवेबद्दल अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य पुशाला असल्यापासून कळकळीनं लिहीत होतं. १९२४ नंतर इंदूरला ते आपल्यासारख्याच काळ्या मातीवर, कापसाच्या पैशावर काम करत होते. पण तिथून जगभर गेली ती कंपोस्टची इंदूर पद्धत. हवेचा मुद्दा मागे पडला. माझं मत सांगतो: १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला वऱ्हाड दिसलं, आणि तेव्हापासून आपल्या जमिनीकडे पाहणाऱ्याला आधी धागा दिसला आणि सारा दिसला.

याचा आज काय संबंध? अतिवृष्टीत तीन-चार दिवस पाणी साचलं की पऱ्हाटी पिवळी पडते. शेतकऱ्याला कोणी तरी सांगतं, युरिया टाका. पण वाफसा मोडलेला आहे, माती तात्पुरती बांधी झाली आहे, असलेलं नायट्रेटच वायू होऊन चाललंय आणि मुळं गुदमरलीत. वरून टाकलेलं खत ती घेणार कशी? आधी चर काढून पाणी बाहेर काढायला हवं. रुंद वरंबा-सरीची पद्धत, जी इक्रिसॅटनं काळ्या मातीसाठी पुढे आणली, ती याचसाठी. ती पाणी जिरवते हे सगळे सांगतात, ती हवा देते हे कमी लोक सांगतात.

आणि मग आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली सुमारे पावणेपाच लाख हेक्टर जमीन. इथल्या विहिरींच्या पाण्यातून एकेकाळी मीठ काढत. पिण्याचं पाणी आजही अनेक गावांना दुरून आणावं लागतं. ही जमीन ना धड वाफशाची, ना धड चिखलाची. मातीच्या कणांवर सोडियम चढून बसलेला, त्यामुळे पावसाच्या पाण्यात कण सुटे होतात आणि पोकळ्या बुजतात. पाणी वर उभं राहतं, खाली जात नाही, आणि हवाही जात नाही. शेतकरी याला चोपण म्हणतो.

इथं शास्त्राच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जमीन चोपण कधी म्हणायची, याचा आकडा १९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं दिला: विनिमययोग्य सोडियम शेकडा १५. आपण तो आकडा घेतला. मग नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातली माती तपासली, तर १५ च्या कितीतरी खाली असतानाच तिच्यातून पाणी झिरपणं मंदावलेलं. कारण आपली माती फुगणारी आहे, थोड्या सोडियमनंही तिची घडण मोडते. शिवाय हा सोडियम कालव्यानंच आणला असंही नाही. कोरड्या हवामानात जमिनीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडतो आणि सोडियम उरतो, हे आपसूक चाललंय. जो शेतकरी म्हणत होता ‘माझी जमीन बिघडली’, त्याला कागदावर ती चांगली दाखवली जात होती.

अशा जमिनीला कालव्याचं पाणी द्या, असं निवडणुकीत सांगणं सोपं आहे. पण निचऱ्याशिवाय पाणी दिलं तर भूजल वर येतं, आणि त्याबरोबर खार. बोअर मारून मचूळ पाणी दिलं तर सोडियम वाढतो. चालतं ते पावसाचं गोडं पाणी, शेततळ्यात धरलेलं. तीच माती, जी मुळाला हवा देत नाही, शेततळ्याचं पाणीही खाली जाऊ देत नाही, त्यामुळे तळी टिकतात. त्यातून हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी मिळतं. जिप्सम टाकलं तर त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर हवेतच. आणि चर एकट्याच्या धुऱ्यावर संपत नाही, शेजाऱ्याच्या वावरातून नाल्यापर्यंत जावा लागतो. गावाची संमती मिळवणं जिप्समपेक्षा कठीण. त्यावर कोणाचा अनुभव असेल तर आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.