अडखळणारी जीभ आणि ऐकणारे कान

जळत्या झुडपापुढे उभ्या राहिलेल्या मोशेने परमेश्वराला सबब सांगितली ती आपल्या जड जिभेची. निर्गमाच्या चौथ्या अध्यायातील हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. परमेश्वराने त्याची जीभ हलकी केली नाही. अहरोनाला त्याच्या सोबतीला दिले. पुढे नवव्या शतकात संत गालेनच्या मठातील नोटकर या संन्याशाला ‘बाल्बुलुस’, म्हणजे ‘तोतरा’, हे नाव कायमचे चिकटले. पण त्याने रचलेली उपासनागीते मठामठांतून गायिली गेली. अडखळणारा माणूस बुद्धीने वा श्रद्धेने उणा नसतो, हे यावरून उमगावयास हवे होते.

वैद्यकाने मात्र पुष्कळ काळ सारा दोष जिभेवरच ठेवला. आपल्याकडे मुलाला वेखंड उगाळून चाटवीत.  बर्लिनचा नामांकित शल्यविशारद डिफेनबाख याने १८४१ साली तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेण्यास आरंभ केला. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती, आणि या रुग्णांत कोवळी मुलेही होती. अन्यत्रही त्याचे अनुकरण झाले; रक्तस्राव व वेदना यांपलीकडे फारसे काही हाती न लागल्याने ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली.

विसाव्या शतकात आरोपी बदलला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबाप ‘तोतरेपणा’ म्हणू लागतात, तेथेच हे दुखणे उपजते, असे त्यांचे मत बनले. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील सहा मुले नीट बोलणारी होती. तरीही ‘तुम्ही तोतरे होत आहात’ असे त्यांच्या मनावर बिंबविण्यात आले. ती मुले तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही. पण ती बोलण्यास भिऊ लागली, गप्प झाली. त्यांची बाजू घेणारे आईबाप जवळ नव्हते. विद्यापीठाने क्षमा मागितली ती २००१ साली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली.

आज आपण जाणतो की तोतरेपणाचे मूळ मेंदूच्या घडणीत व पुष्कळदा आनुवंशिकतेत असते. आईबाप त्याचे कारण नव्हेत. उपचारात मात्र त्यांचा वाटा मोठा आहे. सिडनी येथे १९८० नंतरच्या दशकात आकारास आलेली ‘लिडकम’ पद्धती सहा वर्षांखालील मुलांसाठी आहे. वाणीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आई वा वडील रोज थोडा वेळ मुलाशी बोलतात व सरळ उच्चारलेल्या वाक्याचे कौतुक करतात. बहुसंख्य मुले या वयात सुधारतात. कुमारवयात दुखणे मुरलेले असते. त्यांच्यासाठी चार्ल्स व्हॅन रायपर यांनी (तेही तोतरेच) वेगळा मार्ग दाखविला: अडखळणे लपवू नका, न भिता सैलपणे अडखळण्यास शिका. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवण व वाणीच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. मूल आपोआप सुधारेल म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहू नये.

एक कबुली देतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल अडखळले की मी त्याचे वाक्य स्वतःच पुरे करीत असे आणि मिस्सेतील वाचन दुसऱ्यास देत असे. मी त्याला दया समजत होतो. वस्तुतः ती माझी घाई होती. डेव्हनपोर्टच्या मुलांना तोंडाने जे सांगितले गेले, तेच मी न बोलता सांगत होतो. घरात वा मंदिरात मूल शब्दापाशी थांबले, तर आपणही थांबावे. त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे.